खालच्या खोलीतला आकडा

आत्या: म्हणजे वास नाही, रंग नाही, डोळ्यांना दिसत नाही. फक्त तुमच्या कागदावर आहे.

तपासनीस: रेडॉन वायू तसाच असतो, बाई. जमिनीतून, फरशीच्या फटींतून वर येतो. वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला, तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. आकडा तीनशेच्या वर गेला की आम्ही उपाय करायला सांगतो. तुमच्या खोलीत सातशे निघालाय.

आत्या: गोल आकडा. लक्षात ठेवायला सोपा.

सून: आत्याबाई, अख्ख्या वस्तीत वायू मोजायच्या डब्या ठेवल्या होत्या त्यांनी. तुमच्यावरच कशाला डूख धरतील?

आत्या: ते नाही, तू. तुझा भाऊ बदली होऊन येतोय ना पुढच्या महिन्यात?

सून: दादा वर हॉलमध्ये झोपेल. मी कधी तुमची खोली मागितली?

आत्या: मागायची कशाला? वायू सोडला की काम झालं.

तपासनीस: तुमच्या वस्तीतल्या औषधवाल्यांकडेही आकडा जास्त निघाला होता. त्यांनी फरशीखालून पाइप काढून वर पंखा बसवला. आता उतरलाय.

आत्या: पाइप बसवणारा त्यांचा साडू आहे, हे नाही लिहिलंत कागदावर?

सून: पाइप बसेपर्यंत तुमचं मशीन वर आणू. थोड्या दिवसांचा तर प्रश्न.

आत्या: आणि ब्लाऊज शिवायला जिना कोण चढणार? माझी निम्मी गिऱ्हाइकं गुडघ्यांनी बेजार. खाली दार आहे म्हणून माझं दुकान आहे. एकदा वर गेलेलं मशीन परत खाली येत नसतं, मी ओळखून आहे.

सून: काळजीनं सांगतेय हो.

आत्या: काळजी दिसलीच. माझ्या कपाटावर डबी ठेवलीस, खिडकी लावलीस, वर जाताना वळून पुन्हा बघितलंस. मला ताप आला तेव्हा एवढं वळून बघितलं नव्हतंस.

तपासनीस: खिडकी बंद ठेवायला मीच सांगितलं होतं.

आत्या: असेल. आता माझं ऐका. डबी माझ्या खोलीत नव्हतीच.

तपासनीस: मी तर कपाटावरूनच उचलली.

आत्या: तुम्ही येणार त्या दिवशी मी परत ठेवली. ही वर गेली तेव्हाच बाहेर नेली होती. आता बोला. जी डबी माझ्या खोलीत नव्हती, तिला माझ्या खोलीत सातशे सापडले कुठून?

सून: मग होती कुठे?

आत्या: समोरच्या खोलीत. आमच्या चिरंजीव नातवाच्या खाटेखाली. तिथे कुणाचा झाडू पोचत नाही.

सून: त्याच्या खाटेखाली?

आत्या: अशी काय बघतेस? तुमची लबाडी उघडी पडली, एवढंच.

तपासनीस: बाई, लबाडी कसली? डबी जिथे होती, तिथला आकडा आहे हा.

(आत्या समोरच्या खोलीकडे वळून बघते.)

आत्या: तो तर खिडकी उघडूच देत नाही. सर्दी होते म्हणतो.

सून: तुम्हीच म्हणालात, मोठा झालाय, खाली झोपू दे.

आत्या: म्हणाले. मला सोबत होत होती.

तपासनीस: तुमच्या खोलीचं मात्र मला काहीच माहीत नाही. तिथे नवी डबी ठेवावी लागेल.

आत्या: ठेवा. आणि त्या साडूलाही पाठवा.

सून: तोवर तुम्ही कुठे झोपणार?

आत्या: माझं नंतर बघू. आधी त्याची गादी वर नेऊ. जड आहे, हे टोक मी धरते.