लॅपटॉपला बघायला आलेली चाळ

ऊन त्या दिवशी असं होतं, ऑक्टोबरचं, की आमच्या लालबागच्या चाळीच्या पत्र्यावर पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता, आणि तशात संघमित्राचा, माझ्या नातीचा हो, लॅपटॉप तापला. चार वाजता त्याच्यावरच तिचा नोकरीचा इंटरव्ह्यू, आणि हा दहा मिनिटं चालला की गपकन बंद. मी हात ठेवला. गिरणीत तीस वर्षं साच्याचं, म्हणजे मागाचं, बेरिंग हातानेच बघितलं... हाताला कळतं मला, शाळेत नाही गेलो तरी. म्हटलं, बाळा, आत कोणीतरी उगाच राबतंय.

ती म्हणाली, "आजोबा, गेल्या आठवड्यात गरम वाटला म्हणून मी ताप मोजायचा प्रोग्राम टाकलाय ना. आणि यात विंडोज नाही, लिनक्स सिस्टीम आहे. फुकट असते, सगळ्यांची असते, कोणीही उघडून आत बघू शकतं."

आता तुम्हाला सांगतो, चाळीत असं मोठ्याने बोलतात का?

पहिला शेजारचा राजरत्न आला. "एका थर्मामीटरवर कोण विश्वास ठेवतो?" म्हणत त्याने दुसरा टाकला. ब्याऐंशी. मागून वरच्या मजल्यावरचा माधव, "ह्याचा खोटा दाखवतो, सरक जरा," तिसरा टाकला. नव्वद. मग दीपिका, "दोघांचं जुळत नाही म्हणजे अजून एक नको का?" शहाण्णव. सुंदराबाई तर मिठाच्या पाण्याची पट्टीच घेऊन आल्या, ती मी लॅपटॉपला लागायच्या आत माझ्या मानेवर घेतली. साडेतीन वाजले, खोली दहा बाय बारा, माणसं चौदा, पंख्यापुढे माधव उभा, नि पोरीचे डोळे भरलेले...

मी पुन्हा हात ठेवला. हाताला कळतं मला, शाळेत नाही गेलो तरी. म्हटलं, आत कोण किती राबतंय त्याची यादी निघते का गं? निघते म्हणाली. काढली. तर सगळ्यात वर कोण? हेच चार थर्मामीटर, जीव तोडून ताप मोजतायत. एका साच्यावर चार जॉबर, म्हणजे मुकादम, उभे केले की दुसरं काय होणार? म्हटलं, चौघांना घरी पाठव. पाठवले. दहा मिनिटांत आकडा छप्पन्नवर.

मग म्हटलं, मंडळी, आता तुम्ही पण. गोड बोलून सगळ्यांना गॅलरीत काढलं, दार ओढलं. चार वाजले. आतून पोरीचा आवाज येत होता, न अडखळता, पाऊण तास. मी कठड्याला टेकलो. पण बघायला आलेली माणसं अशी रिकाम्या हाताने परत जातात होय? सुंदराबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला, नि मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या, "बसा रे इथेच, आप्पा तापलेत. हाताला कळतं मला, शाळेत नाही गेले तरी."