पाठीवरचा पक्षी

छापखान्याच्या बाकावर व्हिजिटिंग कार्डांसाठी ताटकळलेल्या शिंप्याने शेजारच्या मायलेकींकडे कान लावले होते. लेकीने स्वतः चितारलेला पत्त्यांचा कॅट छपाईला आला होता.

“बदामाऐवजी किल्ली, इस्पिकाऐवजी होडी. छान आहे गं. पण पाठीवरचा पक्षी नुसता वरच उडतोय.”

“आशेचं प्रतीक आहे ते, आई.”

“असेल. पण चार एक्के उलटे फिरवून ठेवले, की तेवढेच पक्षी खाली उडणार. मी पाठीवरूनच एक्के ओळखीन.”

“अगं बाई. दादा, मशीन सुरू केलंत?”

“नाही ताई, शाई भरतोय.”

“थांबा मग. खाली तोंड केलेला दुसरा पक्षी जोडून देते. वाचले. पण आई, तुला कसं कळलं?”

“आपल्या जुन्या कॅटवर हंस होता ना.”

“म्हणजे बाबा इतकी वर्षं...”

“हळू बोल. ‘पत्त्यांत हिचं नशीब जोरावर आहे,’ असं ते अजून चारचौघांत सांगतात.”