मार्कांसाठी सासऱ्यांचं नाव

शी! बोलण्याचं शिक्षण म्हणे! तुम्हाला सांगते, दोन वर्षं आरशासमोर उभं राहून जीभ बाहेर काढ, आत घे, पोटातून श्वास घे, नजर शेवटच्या बाकावर ठेव... अहो, मेंढरांना हाका मारून मारून माझा आवाज आधीच डोंगरापलीकडे जातो, तो आणखी कुठे पाठवायचा? पण आमच्या नारीन शहराच्या रेडिओवर निवेदिकेची जागा निघालीय आणि तिथे कॉलेजचा कागद लागतो. लहानपणापासून एकच वेड हो मला, रेडिओवर बोलायचं! म्हणून सगळं गिळलं.

आणि यंदा बदलून कोण सर यावेत? नाव... छे, नाव नाही सांगता यायचं. सासऱ्यांचंच नाव त्यांचं! आमच्यात सून सासऱ्यांचं नाव तोंडातून काढत नाही. सहा वर्षं झाली लग्नाला, पोस्टमनलासुद्धा मी "ते हो, उंच टोपीवाले" असंच सांगते. परीक्षकही तेच, आणि सरांचा नियम काय? "भाषणाची सुरुवात परीक्षकांच्या नावानं! खणखणीत! नाव नाही, तर मार्क नाहीत!" बाजूला गाठून अडचण सांगितली, तर म्हणतात कसे, "बुरुलचाबाई, हे कॉलेज आहे, तुमचं स्वयंपाकघर नव्हे." मेल्याचा तोरा बघा!

बरं, परीक्षा भर सभागृहात, घरच्यांसमोर. पुढे सासरे कडक टोपी घालून, शेजारी सासूबाई, मांडीवर बोरसोकचं, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, गाठोडं. आणि शेवटच्या बाकावर दस्तुरखुद्द रेडिओचे साहेब! मी उभी राहिले. पोटातून श्वास घेतला. "आदरणीय..." म्हटलं आणि गाडी अडली. पुन्हा "आदरणीय..." सासरे बिचारे छताकडे बघायला लागले. शेवटी म्हटलं, "आदरणीय, आमच्या घरातल्या थोरांशी ज्यांचं नाव जुळतं असे सर!" लोक हसले, टाळ्यासुद्धा पडल्या! सर मात्र लालबुंद. "दोन वर्षांत एक नाव घेता येत नाही? काय वळण लावलंय हिला घरच्यांनी?"

वळण काढलं ना, संपलं! सासूबाई उठल्या. एकेचाळीस वर्षांच्या संसारात "अहो, ऐकलंत का"च्या पुढे न गेलेली ही बाई... सरांकडे बोट रोखून घेतलं की हो नाव! ठणठणीत! वर म्हणाल्या, "वळण मी लावलंय! तुला लावायचं राहिलं वाटतं!" आणि इकडे सासरे ताडकन उभे, "आलो, आलो! काय झालं?"

लोकांची हसून हसून पुरेवाट! मला तर रडूच आलं. माझ्यासाठी एवढ्या वर्षांचा नेम मोडला हो त्यांनी! आणि सर? सर वहीत लिहितायत, "आवाज स्पष्ट, नजर थेट, आवेश उत्तम."

मला शून्य. फेरपरीक्षा पुढच्या वर्षी. बोलण्याचं शिक्षण म्हणे, शी! आम्ही सभागृहाबाहेर पडतो तोच रेडिओचे साहेब मागून धावत आले. मला वाटलं, माझ्याकडेच... कसलं काय! सासूबाईंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "आजी, असा आवाज दहा वर्षांत ऐकला नाही. तुम्हाला कागदबिगद काही नको, सोमवारपासून या!"

आता घरात सकाळपासून सराव चालतो, त्याच एका नावाचा, वेगवेगळ्या सुरांत... सासरे गोठ्यात लपून बसतात. आणि कणीक कोण मळतंय? मी! तीसुद्धा मुकाट्यानं, कारण सासूबाई म्हणतात, "बुरुलचा, गप्प बस गं जरा, रेडिओवर जायचंय मला!"