ठिपका हलतोय

— वहिनी, पुन्हा उडी मारलीस! मागे सरक म्हटलं ना?

— मागेच सरकत होते गं. तोच उडाला.

— गेममधला तुझा पैलवान काय आपल्या मनाने उडतो?

— हळू बोल, उठेल ही. आणि कंट्रोलरचं ते सेटिंग उघड. माझा डावा हात अडकलाय.

— तिला पाळण्यात ठेव ना मग.

— ठेवून बघ की. पाठ टेकली रे टेकली की डोळे टक्क उघडे. आमच्या टीमचा कॅप्टन आत्ता ऑनलाइन येईल लढायला. हरले तर रविवारच्या स्पर्धेत माझी जागा त्या नव्या मुलीला.

— तो असं म्हणाला?

— म्हणाला, "आराम कर हवं तर." म्हणजे तेच.

— शहाणाच आहे! हं, उघडलं. स्क्रीनवरचं हे वर्तुळ म्हणजे कंट्रोलरची स्टिक, आणि मधला ठिपका म्हणजे तिच्यावरचा तुझा अंगठा. जरा डावीकडे ढकल.

— ढकलला.

— तिरका वर गेला बघ. म्हणून उडतो तो. तिचं डोकं तुझ्या कोपरावर, अंगठा सरळ येणार कसा? थांब, वरची बाजू थोडी बोथट करते, म्हणजे जरासं वर गेलं तरी उडणार नाही. आता?

— आता सरळ गेला. वा, वन्संबाई!

— वन्संबाई म्हणू नकोस, म्हातारी झाल्यासारखं वाटतं. आता अंगठा नुसता ठेव. ढकलू नकोस.

— नाही ढकलत.

— ढकलतेयस. ठिपका हलतोय.

— देवाशपथ नाही!

— मग हे काय? बाहेर... आत. बाहेर... आत. किती शिस्तीत चाललंय. कंट्रोलर बिघडला का?

— थांब. तिच्या पोटाकडे बघ.

— अगं बाई! तिचा श्वास?

— ती श्वास घेते, माझा हात उचलला जातो, अंगठा सरकतो.

— म्हणजे इतके दिवस तुझ्याबरोबर हीसुद्धा खेळतेय? आणि आम्ही म्हणतोय, वहिनीचा हात बिघडला!

— मलाही तसंच वाटत होतं. रोज. म्हटलं, संपलं आपलं.

— वेडी आहेस. हे बघ, मधला डेड झोन वाढवते. म्हणजे एवढ्याशा हालचालीकडे गेम लक्षच देणार नाही. अजून थोडा... ठिपका थांबला.

— आणि ती?

— ती घेतेय की श्वास, मजेत. आता तुझं ते बारीक मागे सरकणं करून दाखव.

— ... सरकत नाहीये.

— जोरात ढकल.

— जोरात ढकलला की पळतच सुटतो. माझं सरकणं तिच्या श्वासाएवढंच असायचं. त्यावरच तर जिंकायचे मी.

— मग कमी करू परत?

— नको. मग पुन्हा हिच्या श्वासावर नाचत बसेल तो.

— मग करणार काय?

— मागे सरकायचंच नाही. समोर उभं राहून मार अडवायचा, आणि पुढे घुसायचं.

— तू? तू तर कोपऱ्यात बसून समोरच्याला दमवणारी!

— बघू तर, काय होतं ते. आला बघ तो. स्पीकर बारीक कर.

— हॅलो, कॅप्टन बोलतोय. तयार? नवीन मुलगी पण बघतेय हं.

— बघू दे. चल.

(दोन फेऱ्या संपतात. बाळ झोपलेलंच.)

— वहिनी! वहिनी, एक त्याची, एक तुझी!

— ओरडू नकोस गं. कॅप्टन काय म्हणतोय ऐक.

— अरे, खेळतंय कोण तिकडे? तू अशी अंगावर कधी यायला लागलीस?

— आत्ताच.

— आरामाचं सोड मग. रविवारी तूच ये. पण खरं सांग, नवीन काय शिकलीस? हात एकदम स्थिर आहे तुझा.

— स्थिर कुठला? सारखा वरखाली होतोय.

— मला तर दिसत नाहीये.

— नाही दिसणार. चल, तिसरी फेरी लाव. जाग यायच्या आत.