हरता येईल असा गेम

जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानात माझ्यापुढे एक आजी उभ्या होत्या.

"या मशीनसाठी कुठला गेम बरा, दादा?" पिशवीतलं मशीन दाखवत त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"मोटारींची शर्यत घ्या, काकू."

"मी मुद्दाम मागे राहिले की आमच्या ह्यांना कळेल."

"मग मारामारीचा?"

"उगाच मार खाल्लेलाही कळेल."

"अहो, तुम्हाला हरायचंय?"

"झटक्यानंतर ह्यांचा उजवा हात लुळा पडलाय. डॉक्टर म्हणाले, बोटं चालवा. पण जिंकले तरच ह्यांना हुरूप येईल ना!"

"मग घरी पत्तेच खेळा की."

"चाळीस वर्षं खेळलो. कायम मीच जिंकत आले. परवा ह्यांच्या हातातून पानं सांडली. बघते तर काय, हुकमाचा एक्का दाबून हरत होते."