शेपूट हलत नाही

नाही हो, चिडलेलो नाही मी, माझा आवाजच असा आहे... बरं, चिडलोय. चिडणार नाही तर काय करणार? चार महिने, सत्तेचाळीस मासे, आणि तुम्हाला सांगतो, सत्तेचाळिसातल्या एकाचंही, एकाचंही शेपूट हलत नाही! मासे म्हणजे खरे नव्हेत. खऱ्या माशाला शेपूट हलवायला शिकवावं लागत नाही. हे मी केलेले. मऊ प्लास्टिकचे, बोटभर लांब, गळाला लावायचे. पाण्यातून ओढला की त्याने शेपूट हलवायचं, मोठ्या माशाला वाटायचं जेवण आलं, त्याने आ करायचा, संपला विषय! तुम्ही म्हणाल, दुकानात मिळतात की. मिळतात. पण ते झपाझप ओढले तर हलतात. मला हवा होता हळू ओढला तरी हलणारा. अगदी हळू. म्हाताऱ्या माणसाने ओढावा तितका हळू.

कारण तो मला हवाच नव्हता मुळी, तो हवा होता माझ्या बाबांना.

आमचे बाबा म्हणजे जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता, एका दमात सहा फूट सरळ रेघ! आणि सुट्टी मिळाली की तळ्यावर, गळ टाकून. मला पहिलं गांडूळ त्यांनीच गळाला लावून दिलं. आता त्यांचा हात थरथरतो. चहा अर्धा कप द्यावा लागतो, पूर्ण दिला तर अर्धा बशीत जातो. मागच्या वर्षी गांडूळ लावता लावता गळ अंगठ्यात गेला. रुमाल गुंडाळला, घरी आले, काठी कपाटामागे ठेवली आणि तेव्हापासून येईल त्याला सांगतात, "तळ्यात आता मासेच राहिले नाहीत." मासे राहिले नाहीत! अहो, तळ्यातले मासे यांच्यावाचून कंटाळलेत!

म्हणून मी म्हटलं, बाबा, मी प्लास्टिकचा मासा करतो, घरूनच गळाला लावून आणतो, तुम्ही फक्त काठी धरा. तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना प्लास्टिकची भाकरीच वाढली. म्हणाले, "रबराला फसायला मासे काय माणसं आहेत? शेपूट जिवंत हललं पाहिजे. हललं तर येतो, नाही तर आपलं घरी बरं आहे."

झालं! अट पडली. आणि मी म्हटलं, एवढंच ना?

एवढंच ना, हे दोन शब्द माणसाने आयुष्यात उच्चारू नयेत.

आता माझा धंदा ऐका. मी कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर पुढच्या खोलीत हसतात, मागच्या खोलीत प्लॅस्टरच्या धुळीत बसून दात करतो तो मी. सव्वीस वर्षं! साचा काढणं, ओतणं, घासणं, हे माझ्या बोटात आहे. हात असा की केसाएवढी कड घासतो, पण मनगट हलत नाही. मला वाटलं, बत्तीस दात बसवणाऱ्याला एक शेपूट काय जड? पण माझ्या लक्षातच आलं नाही हो, की माझा सगळा धंदाच न हलण्याचा आहे! सव्वीस वर्षं मी एकच विद्या शिकलो, वस्तू जाग्यावरून हलता कामा नये. आणि तुम्हाला सांगतो, विद्या अशी मुरलीय की आता काहीही केलं तरी हलत नाही!

पहिला मासा केला. प्लास्टिकचं ते दुधासारखं पातळ द्रावण तापवायचं, काचेसारखं झालं की साच्यात ओतायचं. रंग माझ्याकडे एकच, कवळीचा गुलाबी. बायको स्वयंपाकघरात आली, ओट्यावर बघितलं आणि दोन पावलं मागे. "अहो, या कुणाच्या हिरड्या?" म्हटलं, हिरड्या नाहीत, मासा आहे. ती म्हणाली, "मग याला दात कधी येणार?"

आणि वास! तापलं की असा वास सुटतो की शेजारच्यांनी खिडकी वाजवून विचारलं, काही जळतंय का? बायको आतून ओरडली, "माझं नशीब!"

बरं, पाण्यात टाकला. बादलीत. ओढला... बादली संपली! बादलीत किती ओढणार, वीतभर? मग न्हाणीघरातला टब. पाच फूट. रोज संध्याकाळी कामावरून आलो की टबाच्या काठावर बसायचं, हातात काठी, दोरा, टोकाला मासा. ओढ. नाही. ओढ. नाही. बाहेरून बायको दार ठोकतेय, "अहो, आंघोळ करायचीय मला! निदान मासा बाहेर घ्या, मला लाज वाटते!" आणि मासा आपला पेन्सिलीसारखा ताठ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शेपूट हलत नाही! म्हण आहे ना, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच? माझं उलटं. साच्यातून काढलं की सरळ ते सरळच.

मग गेलो गळवाल्याकडे. गळ, दोरे, काठ्या विकतो तो. मान वर न करता म्हणाला, "मऊ करा." मऊ करायचं तेल असतं, ते घातलं. इतका मऊ झाला की काठी फिरवून फेकला तर गळ पाण्यात आणि मासा माझ्या मानेवर. परत गेलो. "शेपटीच्या वरची मान बारीक करा." केली. घासून घासून केसाएवढी. शेपूट हलेना, सबंध मासाच भोवऱ्यासारखा फिरायला लागला, दोऱ्याला पीळ पडून जानवी झाली त्याची! परत गेलो. "मीठ घाला, वजन येईल." घातलं. दगडासारखा तळाला जाऊन बसला. आणि तो गळवाला काय करतो माहितीय? माझा मासा हातात घेतो, नखाने टिचकी मारतो आणि म्हणतो, "हलतंय की!" अहो, तुम्ही हलवताय! टिचकी मारली तर मीही हलतो!

चौदावा, पंधरावा, विसावा... बायकोला म्हटलं, वाळत ठेवतो जरा कुठेतरी. ठेवले पंख्याच्या रिमोटवर. थंडीचे दिवस, पंख्याकडे कोण बघतं? मला काय माहीत हे मऊ प्लास्टिक कडक प्लास्टिकला खातं! तीन आठवड्यांनी उचलले, तर मासे आणि बटणं एकजीव. तेव्हापासून आमचा पंखा पाचावर फिरतो, नाही तर बंद असतो. मधलं काही नाही. घरात सगळं फडफडतं, पडदे फडफडतात, वर्तमानपत्र फडफडतं, बायकोचे केस फडफडतात. फक्त शेपूट हलत नाही!

आणि कळस ऐका. एके दिवशी बसलोय एकोणचाळिसाव्याची शेपटी ब्लेडने तासत, दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन. "अहो, हलतंय!" मी उडालोच. म्हटलं, हलतंय? खरंच हलतंय? हळू हलतंय की जोरात? डॉक्टर म्हणाले, "त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची कवळी. भाषणात हलतेय." सव्वीस वर्षांत पहिली! माझी कवळी! म्हणजे जिथे हलायला नको तिथे हलायला लागलं आणि जिथे हलायला हवं तिथे... मी हात टेकले.

तोवर बाबा रोज जेवताना विचारायचे, सहज, भाजीकडे बघत, "हललं का रे?" मी म्हणायचो, आज नाही, उद्या. ते म्हणायचे, "असू दे. मासे तरी कुठे राहिलेत." पण विचारायचे हो रोज! एकदा मी कपाटामागे झाडू घ्यायला गेलो, तर काठी पुसून ठेवलेली. धुळीचा कण नाही. मला असा राग आला, स्वतःचा, त्या शेपटीचा, सगळ्याचा... आणि त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "हललं का?" तर माझ्या तोंडून गेलं, "हललं, बाबा!"

थाप! शुद्ध थाप! बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघून भात कालवायला लागलो.

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मग रविवारी जाऊ," म्हणाले.

रविवार उजाडेपर्यंत मला झोप नाही. सत्तेचाळिसावा मासा होता तोच गळाला लावला, हिरडीच्या रंगाचा, कारण दुसरा रंग आणायची अक्कल मला अजून आलेली नव्हती. तळ्याच्या काठावर त्यांना घडीच्या खुर्चीवर बसवलं, काठी हातात दिली आणि मी उभा राहिलो मागे, शाळेत खोट्या सहीचं पत्र दिलेल्या पोरासारखा. म्हटलं, आता बाबा ओढणार, मासा काठाजवळ स्वच्छ पाण्यात येणार, त्यांना दिसणार पेन्सिल, आणि ते काही बोलणार नाहीत. बोलले तर परवडलं, पण ते बोलणार नाहीत, काठी कायमची कपाटामागे जाणार.

फेकला त्यांनी. ओढायला लागले, हळू, त्यांना जमतं तसं. हात थरथरतोय, हाताबरोबर काठी थरथरतेय, काठीचं टोक तर कापतंयच... आणि मी पाण्यात बघितलं.

शेपूट हलत होतं!

अहो, हलत होतं म्हणजे काय, नाचत होतं! बारीक, जिवंत, जसं काही त्या गुलाबी रबराला घाबरायला येतं! मी डोळे चोळले. बाबा म्हणाले, "खरंच हलतंय रे. मला वाटलं, थाप मारलीस." तेवढ्यात पाणी फुटलं, काठी वाकली, मी जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात, आणि मासा आला तो हा एवढा... बरं, एवढा. पण खरा! बाबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. मला रडू आलं, सरळ सांगतो.

मग मात्र मला चेव आला. म्हटलं, द्या इकडे. तोच मासा, तीच काठी, तेच पाणी. मी ओढला. पेन्सिल! पुन्हा ओढला. पेन्सिल! मुद्दाम हात हलवून बघितला, तर मासा झटके आल्यासारखा वागायला लागला, तळ्यातले मासे पळाले असतील. बाबा पोट धरून हसले. माझं मनगट धरलं त्यांनी, त्यांच्या थरथरत्या हाताने, आणि माझाही हात कापायला लागला, तसं पाण्यात शेपूट वळवळायला लागलं. हसता हसता थांबले. हात सोडला. म्हणाले, "तुझा असाच राहू दे रे. सरळ."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही तळ्यावर. बाबा मासे काढतात, मी जाळं धरतो. लोक माझ्याकडे येऊन विचारतात, "साहेब, तुमच्या या माशाची खुबी काय हो?" दोघांनी मागूनही नेले. आठवड्याने परत आणून दिले. म्हणाले, शेपूट हलत नाही. म्हटलं, माहितीय!