एका भट्टीच्या दोन तलवारी

बसा, शिपाईदादा, बसा — आमचे हे कोळसा आणायला डोंगरावर गेलेत, येतीलच एवढ्यात. तलवार ठेवा बाकावर. जवाची दारू घ्या तोवर. मला नको, माझा नेम आहे — मीठ नाही, दारू नाही, दोन्ही पोरं या उंबऱ्यात दिसेपर्यंत. नोरेया माय, आमची देवी, ऐकते. उशिरा ऐकते, पण ऐकते.

हो, दोन. थोरला अद्नामत तुमच्याच फौजेत, दानूब नदीकाठच्या. धाकटा वीबेन रोमला, तुमच्याशी लढून हरलेल्या त्या सम्राटाच्या — बघा, बोलून गेले. आता ऐकाच. त्याने काही तो सम्राट निवडला नव्हता. हा गेला तेव्हा गादीवर तिसराच कुणी होता. आम्ही देवळात एका सम्राटाचा मुखवटा चढवतो तोवर तो मेलेला असतो. आमचा पुजारी तर हल्ली नावच घेत नाही, नुसतं 'जो असेल त्याला आयुष्य दे' म्हणतो. हसलात, बरं झालं. पूर्वी हे नांगराचे फाळ करायचे, दगडफोड्यांच्या छिन्न्या, न्हाव्यांचे वस्तरे. आता नुसत्या तलवारी — याच्याकडे, त्याच्याकडे, मागतील त्याच्याकडे. भट्टीला कुठे कळतो सम्राट?

आणा, पात्याला पडलेली खाच बघू. मला कळतं हो, तीस वर्षं भाता ओढलाय. ही हाडाने नाही पडलेली. चिलखतानेही नाही. साधं लोखंड आमच्या पात्यावर आपटलं तर तेच वाकतं. आमच्या पोलादाला चावतं ते आमचंच पोलाद — यांनी पाणी दिलेलं. आणि मुठीखाली —

मुठीखाली तीन टिंबं आहेत.

काही नाही, धूर गेला डोळ्यांत. कुठे मिळाली म्हणालात? लढाईनंतर, पादुस नदीच्या चिखलात. नुसती? कुणाच्या हातात नव्हती ना? नीट आठवून सांगा. बरं. नुसतीच. पळणारा माणूस आधी तलवार टाकतो, नाही का? आमचा वीबेन लहानपणी हंसांना भिऊन पळायचा, मी किती हसायचे त्याला. पळाला असेल. मी देवीकडे विजय मागितलाच नव्हता.

तीन टिंबं धाकट्याची, दोन थोरल्याची. यांनीच ठोकली, एका दिवशी, एकाच गोळ्यातून दोन्ही काढल्या.

तुमच्या फौजेत आमच्या भट्टीच्या वीस तलवारी गेल्या, मीच गवतात गुंडाळल्या. वीस. त्यातली एक अद्नामतची. म्हणजे ही खाच पाडू शकणारे एकोणीस हात दुसरे आहेत, दादा. एकोणीस. — असे बघू नका, मी तुम्हाला काही विचारत नाहीये.

गाढवांच्या घंटा. हे आले. उठा, झाका ती, झग्याखाली घ्या. थोरला आडदांड वार करतो म्हणून यांनी त्याच्या पात्याची धार मुद्दाम जाड ठेवली होती. खाचेवरून नुसता अंगठा फिरवला तरी यांना कळेल कुणाच्या पात्याने पडली ती. मला नाही कळत, आणि कळायला नको. पलीकडच्या गावात लोहार आहे, हात चांगला आहे त्याचा. मागच्या दाराने जा. पेला राहू दे तिथेच — जा ना.